बहिऱ्याला बोललेलं

उपासना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर एक सून आपल्या बहिऱ्या सासूच्या कानाशी ओरडली, "आई, जपून! पुढची पायरी मोडलीय!" मग मान वळवून पुटपुटली, "यातून कधी सुटका होणार, देव जाणे." सासूला वाटलं, काही मायेचं बोलली असेल. तिनं हसून सुनेचा हात थोपटला. मी पाहतोय हे लक्षात येताच सून ओशाळली. "अहो, त्यांना कुठं ऐकू येतंय!"

शेवटच्या वर्षांत बाबांनाही ऐकू येत नसे, आणि मीही त्यांच्या पाठीमागे असंच बोलायचो. बहिऱ्याला शाप देऊ नये, असा एक नियम बायबलमधल्या मोशेच्या नियमशास्त्रात आहे. लहानपणी त्याचं हसू यायचं. ज्याला ऐकूच जात नाही, त्याचं काय बिघडणार? खून, चोरी यांविषयीच्या मोठ्या आज्ञा मी सहज पाळल्या, कारण तसा मोह कधी झालाच नाही. हा जुनापुराणा, बारीकसा नियम मात्र आमच्याच घरासाठी, औषधांच्या वेळा आणि ओल्या चादरींसाठी लिहिलेला होता.

आता क्षमा मागायला बाबा नाहीत. माझे ते शब्द त्यांनी कधीच ऐकले नाहीत. घरात ऐकणारा मी एकटाच होतो, आणि मला ते अजून ऐकू येतात.