सायमनवर मारलेला गोल

सायमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर मारलेल्या गोलाचीच गोष्ट सांगत होतो. बेलापुरात पुतण्याच्या साखरपुड्याची पंगत उठली होती आणि नव्या सोयऱ्यांपुढे मी कॉर्नरवरून आलेला बॉल डोक्याने घ्यायला खुर्चीतून अर्धा उठलो होतो. खिशात फोन वाजला. त्याची मुलगी रूथ. "बापूकाका, पप्पा गेले..." मी तसाच, अर्धा उठलेला. एका सोयऱ्याने विचारलं, "कोण गेलं?" मी म्हणालो, "गोलकीपर." तो हसला. त्याचा दोष नाही. माझ्या गोष्टीत त्या जागी लोक हसतातच.

याला आता दीड महिना होत आला. स्वतःची फजिती सांगण्यात माझी बरोबरी करणारा आमच्या पंचक्रोशीत कुणी नाही. लग्नात घोडीवरून पडलो तेही मी रंगवून सांगतो. एवढी एकच गोष्ट मी पराक्रम म्हणून सांगत आलो, पन्नास वर्षं. ती आज नीट सांगायची आहे, आणि लिहितानाही घाम फुटतोय.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आम्ही गावातली हुतुतू खेळणारी पोरं. फुटबॉलच्या स्पर्धेत एक संघ कमी पडत होता म्हणून सरांनी आम्हालाच उतरवलं. सरावाच्या सामन्यात मी बॉल घेऊन पळणाऱ्या पोराचा घोटा धरला, घट्ट, आणि ओरडलो, "या रं!" आमचे चौघं त्याच्यावर येऊन पडले. बॉल बिचारा बाजूला एकटाच. पंच शिट्ट्या फुंकून दमला. आम्हाला वाटलं, शाबासकी देतोय. समोर श्रीरामपूरच्या मिशन होस्टेलची पोरं होती. पायात बूट, एकमेकांना पास, तोंडातून ब्र नाही. धक्का लागला की "सॉरी" म्हणायची. आम्हाला वाटायचं, चिडवतायत. पडलेल्याला हात द्यायची. त्यांचा गोलकीपर सायमन, उंच, काटकुळा. त्याने मला उठवायला हात पुढे केला, तर मी तो झटकला. "मी काय म्हातारा हाय का?" आणि ही होस्टेलची पोरं हरली तरी रांगेत उभी राहून हात मिळवायची! आमच्यात हरलेला पोरगा मागच्या आळीने घरी जायचा.

पण रानटी म्हणून आम्हाला मोडीत काढू नका. आमच्या खेळालाही रीत होती. हुतुतूत अंगाला हात लागला की पंचाच्या तोंडाकडे बघायचं नाही, आपणच हात वर करून बाहेर निघायचं. लपवलं तर वस्ताद आठवडाभर तालमीत पाय ठेवू देत नसत. स्पर्धेच्या दिवशी सकाळी आमचा हुतुतूचा सामना बघायला सायमन रेघेपाशी उभा होता. नंतर जवळ आला. "पंचाने सांगायच्या आधीच तुम्ही बाहेर जाता?"

"मग? ज्याला लागलं त्याला ठावं असतंय की," मी छाती काढून म्हणालो.

"भारी आहे," तो म्हणाला. मग तिथेच, चिंचेखाली, त्याने आपल्या मनातलं सांगितलं. दुपारी जिल्ह्याचा संघ निवडायला दोघं जण येणार होते. गोलकीपर एकच घेणार. तो निवडला गेला तर पुण्याला शिबिरात, आणि तिथे चमकला तर पोलिसांच्या संघात भरती. वडील नव्हते. आई होस्टेलच्या स्वयंपाकघरात दोन वेळेला पन्नास-साठ पोरांच्या भाकरी थापायची. "पोलीस झालो की तिला चुलीपुढून उठवणार," तो म्हणाला. "आज फक्त गोल खायचा नाही."

दुपारी ते दोघं खुर्च्या टाकून बसले. सायमनची आई पदर तोंडाशी धरून मैदानाच्या टोकाला उभी. आम्ही धावून जायचो, तो बॉल पोटाशी घेऊन पडायचा. असं किती वेळा झालं... तिकडे आमच्याही गोलात त्यांचा बॉल जात नव्हता, कारण गोलपुढे आमची निम्मी टीम दाटीवाटीने उभी होती. शेवटची पाच मिनिटं राहिली. कुणी ओरडेनासं झालं. आम्हाला कॉर्नर मिळाला. बॉल वर चढला, उन्हात दिसेनासा झाला, मी डोळे मिटून उडी मारली आणि माझ्या कोपराखाली फाडकन काहीतरी बसलं. डोळे उघडले तर बॉल जाळीत.

पंचाच्या आणि माझ्या मध्ये चार पोरं होती. त्याने मध्यरेषेकडे हात केला. गोल!

आमचा कॅप्टन रंगनाथ धावत आला, मिठी मारली, आणि कानाशी हळूच म्हणाला, "बापू, हाताला लागला का रं?"

"न्हाई. डोक्याला."

सायमन बॉल छातीशी धरून उभा होता. पंचाकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता हा ओरडणार. ओरडला नाही. त्यांच्यात पंचाशी हुज्जत घालत नाहीत, हे मला ठाऊक होतं आणि त्याच भरवशावर मी गप्प होतो. उजवा हात दुखत होता, तो मी पाठीमागे धरला होता. सामना संपला. रांग लागली. सायमनने तोच हात हातात घेतला, नेहमीसारखा हलवला. गोलकीपर दुसऱ्या शाळेचा घेतला. त्याची आई भाकरी थापायला परत गेली ती पुढे बारा वर्षं.

सायमन एसटीच्या डेपोत मेकॅनिक झाला. माझं श्रीरामपूरला जाणं-येणं, एकदा बिघडलेल्या गाडीखालून त्यानेच हाक मारली, "ओ गोल!" तिथून जी दोस्ती झाली ती झाली. त्याच्या रूथच्या लग्नातसुद्धा मी तो गोल सांगितला, डोकं हलवून, आणि तो सगळ्यांच्या आधी हसला.

शेवटचा भेटलो तेव्हा तो खाटेवर होता. ठरवून गेलो होतो, आज सांगायचं. पण खोलीत चर्चमधली चार माणसं बसलेली. "सायमन, तो गोल..." मी सुरू केलं, तर एक जण म्हणाला, "हां हां, सांगा की!" आणि मी सांगितला. डोक्यानेच! टाळ्या घेतल्या. माणसं गेल्यावर सायमन माझ्याकडे वळला. म्हणाला, "बाप्या, मी त्या दिवशी तुझी वाट बघत होतो."

"कसली?"

"हात वर करशील म्हणून. तुमच्यात करतात ना." थोडा दम घेतला. "शिट्टी होईपर्यंत बघितली. म्हटलं, करील."

त्याचा भरवसा आमच्या रीतीवर, माझा त्यांच्या रीतीवर... "पुढच्या वेळी येतो तेव्हा बोलू," एवढंच मी म्हणालो. पुढची वेळ आली नाही.

परवा त्याच्या घरी गेलो. त्याची खोली तशीच आहे. खिडकीशी त्याची लोखंडी खुर्ची; तिच्यात बसला की दोन्ही तळवे उघडे ठेवून हात तिच्या पत्र्याच्या दांड्यांवर टेकवायची त्याला सवय होती. हातांच्या जागचा पत्र्याचा रंग उडालाय. रूथची दहा वर्षांची पोरगी शाळेच्या संघात खेळते. ती समोर येऊन बसली. "आजोबा, तुमचा तो गोल सांगा ना."

कॉर्नर, ऊन, उडी... सगळं सांगितलं. मग थांबलो. सायमनची बायको, मार्थावहिनी, आत भांडी लावत होत्या, त्याही थांबल्या असाव्यात. "आणि बॉल माझ्या हाताला लागला," मी म्हणालो. "इथं. कोपराखाली."

पोरीने माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या कपाळावर आठी पडली.

"म्हणजे आमच्या आजोबांनी गोल खाल्लाच नव्हता?"

"न्हाई, बाई. खाल्ला नव्हता."

ती उठली आणि आजीला सांगायला आत पळाली.