हिमाचलसाठी वर केलेला हात

भिवंडीतल्या एका गोदामात आम्ही पाच जण एकाच शिफ्टला होतो. मी नारपोलीची, बिलिंगच्या टेबलावर. माझी मैत्रीण अंबाडीच्या पुढच्या एका पाड्यावरची, पॅकिंगला. सुट्टीच्या दिवशी डोंगर चढायचं वेड आम्हाला तिनेच लावलं. आम्ही महागाचे बूट घालून धापा टाकायचो, आणि ती साध्या चपलांत पुढे जाऊन करवंदं खात आमची वाट बघत बसायची.

एका वर्षी हिमालयात जायचं ठरलं. पण हिमाचल की कुमाऊं, इथे घोडं अडलं. दोघांना बर्फासाठी हिमाचलच हवं होतं. तिला कुमाऊं हवं होतं, आणि थंडी सोसत नाही म्हणून आमचा सुपरवायझर तिच्या बाजूला होता. राहिले मी.

ठरवायच्या आदल्या दिवशी चहाच्या सुट्टीत ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "तिकडं कुमाऊंला डोंगराच्या पायऱ्या करून भात लावतात म्हणं. आपल्यासारखीच लोका हायत. मला ता बघायचाय. तू बोलशील ना माझ्या बाजूनं? मला त्यांच्यापुढं बोलाया जमत न्हाय."

"बोलेन की," मी म्हणाले. त्या क्षणी ते खरंही होतं.

दुसऱ्या दिवशी डबे खाताना विषय निघाला. तिने भाताचं सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात एक जण म्हणाला, "भात बघायला एवढ्या लांब? तुझ्या दारातच आहे की!" सगळे हसले. मीही हसले. मग सुपरवायझरने मतासाठी हात वर करायला सांगितलं. मनात मी कधीच बर्फात उभी राहून फोटो काढून घेतला होता. माझा हात हिमाचलसाठी वर गेला.

तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं. "चला, हिमाचल तर हिमाचल," ती म्हणाली आणि डबा धुवायला उठून गेली.

ती आली आमच्याबरोबर. चढावर मला दम लागला तेव्हा माझी सॅक तिने स्वतःच्या पोटाशी अडकवली आणि माझ्या चालीने चालत राहिली. तंबूत मी तिला म्हटलं, "पुढच्या वर्षी कुमाऊं. नक्की."

"हां," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी मी विषय काढलाच नाही. नंतर तिच्या बापाने अंथरूण धरलं, शेती तिच्यावर पडली आणि तिने नोकरी सोडली.

गेल्या जूनमध्ये मी नवऱ्याबरोबर कुमाऊंला गेले. गाडीच्या खिडकीतून पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं दिसली, पाण्यात वाकलेल्या बायका दिसल्या. फोनमध्ये तिचा नंबर काढला. काय सांगणार होते? फोन तसाच ठेवून दिला.

परत आल्यावर मात्र राहवेना. एस.टी. धरून तिच्या पाड्यावर गेले. तिची लावणी नुकतीच आटोपली होती. ओटीवर बसून मी सगळं सांगितलं. त्या दिवशीच्या हाताबद्दलही बोलले. "चुकलंच माझं," म्हटलं.

"जाऊं दे गं, कवाचा घेऊन बसलीस," ती म्हणाली. मग जरा पुढे सरकून तिने विचारलं, "पण एवढ्या वरती पाणी कसा नेतात ती लोका? झऱ्याचा वळवतात का?"

मी ते बघितलंच नव्हतं.