अकरा दिवसांची सूज

कर्वेनगरच्या त्या सोसायटीत कुणाचाही तपासणीचा कागद आला की तो डॉक्टरांच्या आधी मंदाकिनीबाईंच्या स्वयंपाकघरात यायचा. बाई शिकलेल्या जुन्या अकरावीपर्यंत. पण चष्मा लावून, एका हातानं फोडणी परतत त्या कागद वाचायच्या आणि म्हणायच्या, "घाबरू नका. शेवटी आयटिस आहे. म्हणजे सूज. पुढं गॅस्ट्रो आहे, म्हणजे पोटाची. तिखट बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा." तळमजल्यावरचे उत्तरेश्वर मास्तर तर बायकोला म्हणायचे, "आधी मंदाताईंकडे जाऊन ये, मग दुखायला लाग."

ही विद्या त्यांच्याकडे आली ती वरच्या मजल्यावरच्या वल्लरीमुळे. पोरगी नर्सिंगला होती. घरात टीव्हीचा गोंगाट, म्हणून अभ्यासाला मंदाकिनीबाईंच्या जेवणाच्या टेबलावर बसायची. ते लांबलचक शब्द तिच्या काही केल्या डोक्यात राहीनात. एकदा रडकुंडीला आली, तेव्हा बाईंनी वही ओढून घेतली. भजनी मंडळात त्या बायकांना स्तोत्रं शिकवत. देवाचं मोठं नाव आलं की आधी ते फोडायचं, तुकड्यांचा अर्थ लावायचा, मग जोडून म्हणायचं. "हेही तसंच की गं," त्या म्हणाल्या. "पुढं कुठला अवयव ते बघ, शेवटी त्याला काय झालंय ते बघ." मग रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की पाठांतर. हेपॅटो यकृत, नेफ्रो मूत्रपिंड. एक्टॉमी आलं की कापून काढणं, ओमा आलं की गाठ. वल्लरी पास झाली, एका दवाखान्यात नोकरीलाही लागली, आणि बाईंना सगळं पाठ होऊन बसलं. अनंतराव झोपाळ्यावरून म्हणायचे, "आमच्याकडे हल्ली भेंडीसुद्धा चिरत नाहीत. एक्टॉमी करतात."

अनंतराव खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. माणूस खडखडीत. या पौषात मात्र डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, आणि दवाखान्यात दुर्बीण घालून पाहिल्यावर कळलं की पित्ताची नळी आतून दाबली गेलीय. डॉक्टरांनी तिथं एक बारीक नळी बसवली, आतला एक बारीक तुकडा तपासायला पाठवला आणि म्हणाले, "रिपोर्ट आला की लगेच घेऊन या."

तो आला गुरुवारी, बाईंच्या फोनवर. कुकरची दुसरी शिटी व्हायची होती. त्यांनी सवयीनं शब्द फोडला. अॅडेनो, म्हणजे ग्रंथी. पुढचा तुकडा कार्सिनो. आणि शेवटी ओमा. कार्सिनोपाशी वल्लरी वर्षभरापूर्वी पाठांतर करताना म्हणाली होती, "काकू, हा आला की माणसाचं घर हलतं."

"काय म्हणतंय तुमचं विद्यापीठ?" बाहेरून अनंतरावांनी विचारलं.

"थांबा हो. भाजी लागतेय."

भाजी लागत नव्हती. बाई देवघरात गेल्या. किराणाच्या यादीचा कागद फाडून दोन चिठ्ठ्या केल्या. एकीवर 'सांग', दुसरीवर 'सांगू नको'. मुलीचं लग्न, घराची जागा, सगळे मोठे निर्णय त्यांनी असेच दत्तापुढं ठेवले होते आणि त्याचा शब्द कधी मोडला नव्हता. डोळे मिटून एक उचलली. 'सांगू नको'.

त्या बाहेर आल्या. नळी बसवण्याआधी काढलेल्या स्कॅनच्या कागदावर एका कोपऱ्यात कोलँजायटिस असंही लिहिलेलं होतं, तेवढ्यावर बोट ठेवलं. "कोल म्हणजे पित्त, अँजी म्हणजे नळी, आणि शेवटी आयटिस. सूज आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

आणि फोनवरचा तो रिपोर्ट आता कुणीच दुसऱ्यांदा वाचणार नव्हतं. सोसायटीत बातमी गेली. मंदाताईंनी वाचलंय म्हणजे सूजच. मास्तरांनी पेढे आणले.

देवानं नको म्हटलं होतं, पण पुढचं काही सांगितलं नव्हतं. खाज गेली, डोळे पांढरे झाले, अनंतरावांना भूक लागायला लागली आणि त्यांनी दवाखान्याचं नावच टाकलं. "सूज उतरतेय. डॉक्टरला काय तोंड दाखवायला जायचं?" दवाखान्यातून दोनदा फोन आला. सर्जन भेटायचं म्हणतायत, उशीर करू नका. बाई दोन्ही वेळा "हो, येतो" म्हणाल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "एकदा जाऊन येऊ या ना." ते म्हणाले, "सुजेला सर्जन लागतो? तूच सांग, तुला जास्त कळतं." वर कारखान्यातल्या माधवबरोबर काशीयात्रा ठरवून टाकली. बुधवारची गाडी, पंधरा दिवस.

बाईंना अन्न जाईना. पुन्हा चिठ्ठ्या टाकाव्यात असं शंभरदा मनात आलं. पण देवाला तेच दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे त्याचं पहिलं उत्तर खोटं ठरवणं. रोज समई लावताना वात तेलात पडायची. ज्या तोंडानं देवाचं नाव घ्यायचं त्याच तोंडानं खोटं बोलून बसले, आणि तेही त्याच्याच हुकमानं. मग गाऱ्हाणं कुणाकडे घालायचं?

सोमवारी दुपारी वल्लरी लाडवांचा डबा परत द्यायला आली. बाईंनी तिच्यापुढं फोन धरला. पोरीनं वाचलं, वरची तारीख वाचली, आणि खाली बसली.

"काकू, अकरा दिवस झाले. काकांना काय सांगितलंत?"

"सूज."

"अहो काकू! ऑपरेशन करता येतंय का, ते आत्ता बघायचं असतं. पसरलं की मग करताच येत नाही. नळी बसवल्यानं बरं वाटतं फक्त, ती गाठ कुठं जात नाही." तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं. "मी सांगू का त्यांना?"

"नको," बाई म्हणाल्या. "खोटं मी वाचलंय."

आतल्या खोलीत अनंतराव बॅग भरत होते. कानटोपी हातात घेऊन, न्यावी की नको असा विचार करत होते. बाई दारात उभ्या राहिल्या.

"अहो, एक रिपोर्ट मी खोटा वाचला."

"कुणाचा?"

"तुमचा."

कानटोपी त्यांनी नीट घडी करून पलंगावर ठेवली.

"फोड," ते म्हणाले. "वल्लरीला सांगायचीस तसं फोडून सांग."

बाईंनी सांगितलं. एकेक तुकडा, एकेक अर्थ, जसा त्या पोरीकडून घोकून घेतला होता तसा. शेवटचा तुकडाही सांगितला. मग चिठ्ठ्यांचंही सांगितलं.

"देवाला विचारलंस," अनंतराव म्हणाले. "मला नाही विचारलंस."

बाईंना रडूही आलं नाही. अनंतरावांनी माधवला फोन लावला. "मी येत नाही रे. नाही, सूज नाही. कॅन्सर आहे. हो. नाही, मलाही आत्ताच कळलं." फोन ठेवून त्यांनी बॅगेतले कपडे एकेक करून परत कपाटात लावले. बाई मदतीला पुढं झाल्या तसं "राहू दे" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रिक्षात फाइल त्यांनी स्वतःच्या मांडीवर धरली. दवाखान्यात सर्जननं कागदावरची तारीख पाहिली आणि विचारलं, "इतके दिवस का थांबलात?" बाई म्हणणार होत्या, माझ्यामुळं. अनंतराव आधी बोलले. "आमच्याकडे रिपोर्ट घरी वाचायची पद्धत आहे." सर्जनला त्यातलं काही कळलं नाही. तो म्हणाला, "पुन्हा स्कॅन करू. आता कुठवर गेलंय ते बघितल्याशिवाय मी काहीच बोलू शकत नाही."

स्कॅन झाला. तीन तास बाकावर दोघं बसून होती, मध्ये एका माणसाची जागा सोडून. बाईंनी बोटांवर जप धरायचा प्रयत्न केला, पण नाम पुढं सरकेना. तिथल्या तिथं अडकायचं. शेवटी खिडकीतून पाकीट मिळालं. सवयीनं बाईंचा हात पुढं गेला. अनंतरावांनी पाकीट छातीशी धरलं.

"आज मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकणार आहे."

ते दारापर्यंत गेले. मूठ दाराच्या कडीवर तशीच राहिली, दार काही ढकलवेना. मागं न बघताच म्हणाले, "चल. पण आत गेल्यावर तू बोलू नकोस."

बाई उठल्या. त्यांच्या मागोमाग गेल्या. आत सर्जननं पाकीट उघडलं, कागद उजेडात धरला, आणि वाचायला लागला.