आधी खांब

हवेत आयन सोडणाऱ्या पंख्याची पिन मीच काढली होती, मोबाइल चार्जिंगला लावायला. आठ दिवस हे मी कुणाला सांगितलं नाही.

जालन्याच्या एमआयडीसीत आम्ही बियाणं पाकिटात भरतो. हिवाळ्यात कोरड्या हवेनं प्लास्टिकवर वीज साचते, टोमॅटोचं हलकं बी पाकिटाच्या तोंडाला चिकटतं आणि सील बसत नाही. तो पंखा ही वीज घालवतो. यंत्र चालवणारा मात्र स्वतःच्या अंगातली वीज लोखंडी खांबाला हात लावून उतरवायचा, मगच आम्हा सुपरवायझर लोकांना रामराम करायचा. “साहेब, राग नका मानू. खांब सिनियर हाये,” म्हणायचा. जेवतानाही डब्याआधी खांब.

मी पिन काढली त्या दिवशी सगळी पाकिटं उघडी राहिली. मॅनेजरनं दोष त्याच्यावर ठेवला आणि त्याला यंत्रावरून काढून गोदामात पोती उचलायला लावलं. जाताना तो खांबावर हात ठेवून म्हणाला, “येतो बरं का. तुमची काही चूक न्हाई.” मी शेजारीच उभा होतो.

नवव्या दिवशी मॅनेजरला खरं सांगून मी गोदामात गेलो. तिथंही त्यानं एक खांब धरलाच होता. मी हात पुढे केला, तसा तो मागं सरकला.

“साहेब, आधी खांब.”

हमाल बघत होते. मी खांबावर तळवा टेकवला, मग त्याचा हात हातात घेतला.

“भाऊ, पिन मी काढली होती. मला माफ करा.”