मुद्देमालातली दोरी

मलखांबाची दोरी वर हुकाजवळ तुटली आणि मुलगी डोक्यावर पडली. त्या आसनात दोन्ही हात सोडून नुसत्या मांड्यांच्या पकडीवर राहायचे असते, त्यामुळे सावरायला हात नव्हते. खाली काथ्याची गादी होती, पण डोके गादीबाहेर फरशीवर आले. मागे लेझीम खेळणाऱ्या मुलींना काही कळले नाही. त्या खेळतच राहिल्या.

मी बंदोबस्ताला जवळच उभी होते. धावले, वाकले, तेवढ्यात एक बाई ओरडत आली, "उचलू नका! मान हलवू नका! फळी आणा कोणीतरी, फळी!" टेबलाची फळी काढून आम्ही दोघींनी मुलीला तिच्यावर घेतले. वय नऊ-दहा. कानातून रक्त येत होते. परळच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, जगेल की नाही आज सांगता येत नाही. हा दिवस मी विसरलेले नाही.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती. कुठेही माणसे जमली की पोलीस लागत, आणि बायकांच्या जमावाला आम्ही मोजक्या बायका पोलीस. मी चौथी पास. कायदा मला साहेबांनी शिकवला, माणसे मी स्वतः पाहिली.

परळच्या एका कामगार केंद्रात बायकांसाठी वर्ग चालत असे. खेळांची केंद्रे चालवायचे शिक्षण. मैदान आखणे, सामने लावणे, पंचगिरी, प्रथमोपचार, सामानाची देखभाल, गर्दी सांभाळणे. शेवटी परीक्षा म्हणजे प्रत्येकीने एका दिवसाचा क्रीडामेळावा स्वतः भरवून दाखवायचा. ओरडत आलेली बाई त्या वर्गातली. तो मेळावा तिचा होता. काळाचौकीची विधवा, भावाच्या खोलीत राहणारी. पास झाली तर वडाळ्याच्या नव्या केंद्रावर नोकरी आणि राहायला खोली मिळणार होती. भावजयीने तिला सांगूनच ठेवले होते, "नोकरी लागली तर बघू, नाहीतर गावची वाट धर."

पंचनामा करताना फौजदारसाहेबांनी दोरीचे टोक बोटांत धरून पाहिले. तुटलेली दोरी पिंजारते. ही सपाट तुटली होती, पात्याने कापावी तशी. साहेबांचा चेहरा बदलला. दोरी मुद्देमाल म्हणून जप्त झाली.

इस्पितळाच्या व्हरांड्यातच मुलीच्या आईने फिर्याद दिली. "तिनेच केलं. माझ्यावरचा राग पोरीवर काढला." ती आणि मेळावा भरवणारी ती शिकाऊ बाई, दोघी एकाच चाळीत राहणाऱ्या.

मी चाळीत चौकशीला गेले. नळावर बायका होत्या. आमच्या खाकीला तेव्हा गिरणगावात कोणी पाणी विचारत नसे. एक म्हणाली, "मोर्चावर लाठ्या घालता, आणि आता दोरी मोजायला आलात होय?" मी म्हटले, "लाठी माझ्याकडे नाही. तुझी कळशी भरली, ती उचल आधी." बाकीच्या हसल्या. हसल्यावर माणसे बोलतात. माझ्यामागे जिन्यापर्यंत येऊन एक म्हातारी कुजबुजली, "परवा दोघी नळावर जाम भांडल्या. ती खेळाची मास्तरीण म्हणाली, माझ्या कामात हात घातलास तर बघून घेईन. मी कानाने ऐकलं. पण माझं नाव नको हां."

साहेबांना हवे ते मिळाले. शिकाऊ बाईला ठाण्यात बोलावले. बाकावर बसवून मी समोर बसले, साहेब उभे.

"भांडण कशावरून?"

"दोरीवरून."

"दोरीवरून कोण भांडतं?"

"मैदानावर सभा झाली. कर्णा बांधायला पोरांनी आमची दोरी नेली. परत आणली ती मळून, लोकांनी चपलांनी तुडवलेली. पोरीची आई म्हणाली, मलखांबाची दोरी म्हणजे देव, पाय लागलेली दोरी माझ्या लेकीच्या अंगाला नको, धुऊन देते. मी म्हटलं, धुवायची नाही, आम्हाला तसं शिकवलंय. ओली दोरी आतून कुजते. मी ती ब्रशने साफ केली. केंद्राचा शिपाई आणि मी, दोघं मिळून लटकून पाहिलं. मग पेटीत टाकली."

"आणि सकाळी?"

"सकाळी दोरी पांढरी दिसली. शिपायाला विचारलं. तो म्हणाला, झटकून घेतली. पुन्हा लटकून बघायला हवं होतं. पाहुणे येऊन बसले होते, मी चुन्याच्या रेषा मारत होते. बघितलं नाही."

साहेब मला बाहेर नेऊन म्हणाले, "हुशार आहे. थोडी चूक कबूल करते आणि मोठी झाकते." मलाही तसेच वाटले. रडत नाही ती बाई पोलिसाला आवडत नाही. आम्ही तिला सोडले, पण सकाळ-संध्याकाळ ठाण्यात हजेरी द्यायला लावली. केंद्राने तिचा निकाल अडवला. भावजयीने ट्रंक दाराबाहेर ठेवली.

केंद्राच्या शिपायाने दोनदा जबाब दिला, दोन्हीत दोरी पेटीतून काढून झटकली, बाकी ठाऊक नाही म्हणाला. दोन्ही वेळा त्याने टोपी काढून परत घातली. ते मी पाहिले, पण अर्थ लागला नाही.

मग मुलीचा बाप आला. गिरणीत कापड पांढरे करायच्या ब्लीचिंग खात्यात कामाला, मालवणकडचा. आला तो ओरडतच. "त्या मास्तरणीक अजून बाहेर कशाक ठेवल्यात? बाईमाणूस म्हणान सोडल्यात?" मी त्याला पाणी दिले. टेबलावर दोरी होती, कोर्टात पाठवायला तिला लाखेचे सील लावायचे चालले होते. त्याची नजर तिच्यावर गेली. त्याने मला न विचारता टोक उचलले, नाकाशी नेले, एक पेड सोडवून दोन बोटांत ओढला. पेड शेवईसारखा मोडला. त्याने दोरी हळूच खाली ठेवली, जणू तिला लागेल. पाणी प्यायला नाही. म्हणाला, "बाई, माका तक्रार मागे घेवची आसा."

आताच ओरडणारा माणूस हात जोडतो, तेव्हा त्याला खरे कळलेले असते. मी दार लावले.

"का?"

"देवावर सोडलंय मी."

"देवावर सोड, पण मला सांग. दोरी कोणी कापली?"

"कापलेली नाय. जळलेली आसा. आगीन नाय. पावडरीन. पावडर जास्त झाली, धुतला नाय, तर सूत असाच मरता. आमच्या खात्यात ताग्यांचे तागे गेलेत."

"पावडर चाळीत कुठून आली?"

ते त्याने सांगायची गरज नव्हती. गिरणगावात धोतरे पांढरी करायला ती पावडर कामगारांच्या जेवणाच्या डब्यातून घरोघर येई. साहेबांनी शिपायाला तिसऱ्यांदा बोलावले. या वेळी टोपी टेबलावर ठेवायला लावली. तो रडत म्हणाला, पोरीची आई आली होती. मास्तरणीला सांगू नको, पांढरीशुभ्र करून देते म्हणाली. त्याने दोरी दिली. तिने बादलीत भिजत घातली आणि मेळाव्याच्या सकाळी तिनेच आणून दिली, ती त्याने टांगली.

बाप माझ्या पायाशी आला. "तिका सांगू नको. ती मरतली."

मी म्हटले, "मग त्या दुसरीचं काय? तिची ट्रंक बाहेर पडली आहे. तुझ्या बायकोचा जबाब नाही झाला, तर जन्मभर लोक त्या मास्तरणीला पोर मारणारी म्हणतील."

साहेबांनी मला पाठवले. इस्पितळाच्या व्हरांड्यात ती आई मुलीची वेणी घालायची फणी हातात घेऊन बसली होती. मुलगी शुद्धीवर नव्हती. मी गोड बोलले नाही, मला येत नाही. दोरी धुतल्याचे विचारले. ती लगेच हो म्हणाली, अभिमानानेच. "धुतलंय तर. दुधासारखी केलंय." मग मी काय झाले ते सांगितले. तिने फणी पदरात खोचली. म्हणाली, "मगे लिवा. अंगठो खंय लावू?"

जबाब लिहून होईपर्यंत मी तिच्याजवळ बसले, कारण उठावेसे वाटले नाही.

कोर्टात गुन्हा नसल्याचा अहवाल गेला. शिपायाला केंद्राने काढले. शिकाऊ बाईला परीक्षकांनी त्या वर्षी नापास केले, सामान परत न तपासल्याबद्दल, आणि ते बरोबर केले. तिनेही तक्रार केली नाही. वर्गातल्याच एका मैत्रिणीकडे राहिली आणि पुन्हा परीक्षेला बसली.

पोलिसाला वैर शोधायची खोड लागते. कोण कोणाशी भांडले ते आधी विचारतो. कोण कोणावर किती जीव टाकतो, हेही विचारले पाहिजे. बऱ्याच जखमा तिकडून येतात. पुढच्या नोकरीत मी घरात शिरले की दोन्ही विचारत असे.

मुलगी शुद्धीवर आली. एका कानाने ऐकू येईनासे झाले, बाकी धड राहिली. मुलगी लग्न होऊन गेल्यावरही आई पुष्कळ वर्षे चाळीत होती. शिकाऊ बाई पुढच्या वर्षी पास झाली आणि वडाळ्याचे केंद्र तिने निवृत्त होईपर्यंत चालवले. तिघी जगल्या.