उन्हावर उडणारं कारंजं

मुलांनो, तुम्ही पाठवलेलं सौर कारंजं परवा पोचलं आणि काल मी ते मागच्या बागेतल्या कुंडीत बसवलं. छान चालतं. फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, तुझ्या वेळी असं काही नव्हतं ना?" होतं, आणि ते मीच केलं होतं. पण सांगायला लागले की फोनचा आवाज तुटतो, म्हणून सगळं सलग लिहून पाठवते आहे.

साल छप्पन. मी नुकतीच लग्न होऊन ग्वाल्हेरच्या थाटीपुरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये आले होते. नवा मध्यप्रदेश होणार आणि बरीच खाती ग्वाल्हेरहून भोपाळला जाणार, हे ठरलं होतं. आमच्या रांगेतून रोज कुणाचं ना कुणाचं सामान ट्रकवर चढे. तुमचे आजोबा कॉलेजात शिकवत, त्यामुळे आम्ही इथेच राहणार होतो.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, संस्थानच्या बागखात्यात होते. कारंज्यांची देखभाल त्यांच्याकडे असे. संस्थान विलीन झालं तेव्हा त्यांना दुसऱ्याच एका खात्यात टेबल-खुर्ची मिळाली, आणि तिथूनच ते निवृत्त झाले. त्यांचे दोन जुने सोबती मात्र अजून नोकरीत होते. एक नकाशे काढत, दुसरे पाणीपुरवठा बघत. दोघांनाही भोपाळचा हुकूम आला. ते जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, आपल्या अंगणात त्यांना पाणी उडताना दाखवायचं, एवढंच मामंजींच्या मनात होतं. पण आमच्या क्वार्टरला ना उंचावरची टाकी, ना पंप.

माझ्या शाळेतल्या इंग्रजी विज्ञानाच्या पुस्तकात एक चित्र होतं. बंद भांड्यात अर्धं पाणी, वर हवा. भांडं उन्हात तापलं की हवा फुगते आणि पाण्याला नळीतून बाहेर ढकलते. मी मामंजींना ते समजावून सांगितलं.

"म्हणजे सूर्य पाणी उडवणार?"

"हो, मामंजी."

"बघू या तर. तो निदान भोपाळला नाही चाललेला."

लोखंडी पिंप दौलतगंजच्या बाजारातून आणलं, झाकण झाळून घट्ट बंद करवलं, बाहेरून काळा रंग दिला. तळापर्यंत जाणारी नळी, नळीला उघडबंद करायचा कॉक, आणि टोकाला मामंजींनी जपून ठेवलेली बारीक भोकाची पितळी तोटी. विटा-सिमेंटचा गोल, उथळ हौद त्यांनी स्वतः बांधला. तोटीचं तोंड पाण्याच्या जेमतेम खाली ठेवलं. पिंप निवलं की हवा आकसते आणि तेच पाणी पुन्हा आत ओढलं जातं, म्हणजे भरायला नको. सकाळी कॉक बंद करायचा, डोक्यावर ऊन आलं की उघडायचा. ऑक्टोबरच्या उन्हात पहिल्याच दिवशी हातभर धार उडाली. मामंजींनी टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या.

मग त्यांनी दोघांना चहाला बोलावलं, संध्याकाळी.

"मामंजी, दुपारी बोलवा ना."

"दुपारी कारंजं कोण बघतं, सूनबाई? पाहुणे आले, दिवे लागले, की कारंजं सोडायचं. आजवर असंच सोडलंय."

जन्मभर त्यांनी टाकीवरची कारंजी सोडली होती. टाकीत चढवलेलं पाणी संध्याकाळपर्यंत जागच्या जागी राहतं, तशी पिंपातली गरमीही राहील, असा त्यांचा हिशोब. शिवाय खात्री करायला म्हणून त्यांनी पाहुणे यायच्या दिवशी दुपारी एकदा कॉक उघडून, सगळा जोर संपवून, परत बंद केलेला.

पाहुणे निघायच्या आदल्या संध्याकाळी आले. मामंजींनी काळा कोट घातला होता. हौदात गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या होत्या. त्यांनी कॉक उघडला. पाणी वर आलंच नाही. पाकळ्या गोल फिरत तोटीकडे सरकल्या आणि एकेक करून तिच्या तोंडाशी चिकटल्या.

"अरे साहेब," पाणीपुरवठावाले काका म्हणाले, "ये तो उल्टा चल रहा है! तुमचं कारंजं पाणी पितंय."

"त्यालाही चहा द्या," नकाशेवाले काका म्हणाले.

सगळे हसले, मामंजीही हसले. पण ते कोट न काढताच खाटेवर जाऊन बसले. सासूबाई आतून म्हणाल्या, "आता त्या दोघांना काय भोपाळहून परत बोलावणार?"

दोघांची गाडी दुसऱ्या दिवशी दीडची होती. मी पाहुण्यांना म्हटलं, "काका, उद्या जाता जाता भर दुपारी याल का?"

"बारा वाजता चहा? सूनबाई, आम्हाला उन्हात वाळवणार का?" असं म्हणाले, पण आले. एकाच छत्रीत दोघे, टांगा बाहेर उभा. मी स्टोच्या पिनेने तोटी साफ करून ठेवली होती, कॉक रात्रभर उघडा ठेवून सकाळी बंद केला होता. मामंजींनी आज कोट घातला नव्हता. कॉक सोडला आणि धार पहिल्या दिवसापेक्षाही उंच गेली. पाणी हळूहळू खाली येत थांबलं, तेव्हा नकाशेवाले काका उकिडवे बसून हौद वितीने मोजायला लागले होते.

"गाडी चुकेल," मामंजी म्हणाले.

"चुकू दे. नळी तळापर्यंत नेलीय ना? भोपाळला अंगण मोठं आहे म्हणतात."

आमचं क्वार्टर पुढे पाडलं गेलं, त्याबरोबर हौदही गेला. नकाशेवाल्या काकांनी भोपाळला बांधलेला हौद मी गेल्या हिवाळ्यात पाहिला. पिंप बदललेलं आहे, त्यांची नात ते बघते. दुपारी पाणी उडतं.