बदललेला शेवट

परवा इथे बडोद्याच्या अकोटा भागात वीज गेली आणि शेजाऱ्यांनी जुनी गॅसबत्ती पेटवली. त्या वासासरशी मी महाराजांच्या काळातल्या बडोद्यात, नाटकगृहातल्या बायकांच्या सज्जात आईशेजारी जाऊन बसले.

सगळ्यांना पाठ असलेलं एक जुनं संगीत नाटक कंपनीने शेवट बदलून आणलं होतं. पूर्वी नवऱ्याने टाकलेली नायिका शेवटी त्याच्याच पाया पडायची. या वेळी ती म्हणाली, "मी येणार नाही," आणि तिने एकटीनेच भैरवी सुरू केली.

खाली पुरुषांत गलका उठला. "जुना शेवट करा!" शिट्ट्यांत गाणं बुडायला लागलं. तेवढ्यात आई उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली.

मागून कुणी म्हणालं, "बेसी जाव ने, बेन!" मी घाबरून तिचं लुगडं ओढलं. ती बसली नाही. नायिका झालेल्या नटाने वर पाहिलं आणि आवाज चढवून भैरवी पुरी केली.

टांग्यात वडील म्हणाले, "सगळं बडोदं बघत होतं तुझ्याकडे."

"बघू दे की."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातल्या टीकाकाराने नव्या शेवटाला भ्रष्ट म्हटलं, सज्जातल्या बेशिस्तीवरही ताशेरे ओढले. वडिलांनी ते मुद्दाम मोठ्याने वाचलं. आईने शांतपणे ऐकलं आणि पुढच्या खेळाला आमच्या पाणीगेट मोहल्ल्यातल्या शेजारणींना बरोबर नेलं.

"मी येणार नाही" हे वाक्य येताच त्या सगळ्या उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या. त्या दिवशी खालच्या शिट्ट्या कोणालाच ऐकू आल्या नाहीत.